सुपरचार्जर बसवण्याआधी पेट्रोलची बेगमी: फ्युएल सिस्टिम आणि ट्यूनिंग, पहिल्यापासून

सुपरचार्जरचं खोकं उघडलं की नजर आधी जाते ती चकाकत्या केसिंगकडे आणि पुलीकडे. तळाशी एका प्लास्टिकच्या पिशवीत चार इंजेक्टर, एक फिल्टर आणि हातभर नळी पडलेली असते. तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. हवा ढकलणारं यंत्र बसवायला मला दोन दिवस लागले आणि त्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल पोचवायला पुढचे चार महिने. त्यातले साडेतीन तरी टाळता आले असते. तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचा सगळा क्रम तिच्यावर उभा आहे. बूस्टमध्ये, म्हणजे सुपरचार्जर जादा दाबाने हवा ढकलत असताना, पेट्रोल कमी पडलं तर गाडी लगेच कुरकुरत नाही. मिश्रण थोडं लीन झालं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं) की ती उलट हलकी, तरतरीत पळते आणि आपण खूश होतो. तेवढ्यात ज्वलनकक्षातलं तापमान चढतं, ठोका (मिश्रण आपोआप भडकणं, म्हणजे नॉक) सुरू होतो आणि दोन रिंगांमधला पिस्टनचा पातळ कठडा तुटतो. खुशी आणि तुटण्यामध्ये काही सेकंदच असतात. म्हणून आधी पेट्रोलची सोय, मग ती मोजण्याची सोय, आणि हवा सगळ्यात शेवटी.

इथे लिहिलेलं सगळं इनटेक पोर्टमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांसाठी आहे. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात कॅमशाफ्टवर चालणारा उच्च दाबाचा पंप असतो. तिथलं गणित वेगळं, हत्यारं वेगळी आणि दाबही जिवावर बेतणारा.

१. आधी इंजिनाची नाडी बघा

थकलेल्या इंजिनावर सुपरचार्जर लावला की थकवा दुप्पट वेगाने बाहेर पडतो. इंजिन गरम असताना सगळे प्लग काढा, इग्निशन आणि इंजेक्टर बंद ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. सिलिंडरांमधला फरक दहा टक्क्यांच्या आत हवा. एखादा सिलिंडर मागे असेल तर लीक-डाउन टेस्ट करा, म्हणजे त्यात बाहेरून दाबाने हवा भरा. हवा कुठून निसटते ते कानाने कळतं: ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये नेणारा) फुंकून बघा. एका दिशेने हवा जायला हवी, उलट दिशेने अजिबात नाही. तो गळका असेल तर बूस्ट क्रँककेसमध्ये शिरतो आणि ऑइल सील बाहेर ढकलतो. भाग किरकोळ, खर्च मात्र मोठा लावतो.

मूळ कॉम्प्रेशन रेशो १० किंवा त्याहून जास्त असेल आणि इंजिनाचे आतले भाग कंपनीचेच असतील, तर पहिल्या टप्प्यात अर्ध्या बारच्या वर जाऊ नका, असं माझं मत. तिथेही पेट्रोल चांगल्या ऑक्टेनचं हवं. ऑक्टेनचे आकडे वाचताना जपा. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत, आरओएन (रिसर्च) आणि एमओएन (मोटर). काही देशांत पंपावर आरओएन लिहितात, काही ठिकाणी दोन्हींची सरासरी. तेच पेट्रोल दुसऱ्या पद्धतीत चार-पाच आकड्यांनी कमी दिसतं. दुसऱ्या देशातल्या कुणाच्या टायमिंगचे (ठिणगी किती अंश आधी पडते त्याचे) आकडे उचलताना लोक इथेच फसतात.

२. कागदावर गणित

पंप किंवा इंजेक्टर विकत घेण्याआधी हे करा, नंतर नको.

मूळ इंजिन २०० हॉर्सपॉवरचं आहे आणि बूस्ट अर्धा बार देणार आहात असं धरू. हवा ढोबळमानाने दीडपट, म्हणजे ३०० हॉर्सपॉवर. प्रत्यक्षात इतकी ताकद चाकांवर कधीच दिसत नाही. हवा दाबताना तापते आणि सुपरचार्जर फिरवायला क्रँकचीच ताकद खर्च होते. पण जी ताकद सुपरचार्जर खातो, तिच्यासाठीही पेट्रोल जाळावंच लागतं. म्हणून पेट्रोलचा हिशेब चाकावरच्या आकड्यावरून करायचा नाही, क्रँकच्या आकड्यावरून करायचा. या एका चुकीमुळे लोक एक माप लहान इंजेक्टर घेतात.

साध्या, बिनबूस्टच्या इंजिनाला पूर्ण ताकदीवर दर हॉर्सपॉवरमागे मिनिटाला सुमारे ५.२ सीसी पेट्रोल लागतं. सुपरचार्ज्ड इंजिनाला ६.३ सीसी धरा. जास्त का, तर वर सांगितलेला सुपरचार्जरचा वाटा, आणि ज्वलनकक्ष थंड ठेवायला मुद्दाम रिच (जादा पेट्रोलचं) ठेवलेलं मिश्रण.

३०० गुणिले ६.३, म्हणजे मिनिटाला १,८९० सीसी. चार सिलिंडर असतील तर प्रत्येकी साधारण ४७२. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा राहू नये, म्हणून ०.८ ने भागा: ५९० सीसी. हे झालं इंजेक्टरचं माप. त्याच १,८९० सीसीचे तासाला ११३ लिटर होतात. त्यावर पाव भाग राखीव धरून पंप निवडा.

इंधनात इथेनॉल असेल तर हे आकडे वाढवा. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, १० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण १४.१ पट, २० टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण १३.५ पट आणि शुद्ध इथेनॉलला ९ पट. म्हणजे त्याच हवेला इंधन जास्त. ८५ टक्के इथेनॉल वापरायचं ठरवलंत तर पेट्रोलच्या तुलनेत ४० टक्क्यांहून जास्त जादा क्षमता हवी.

३. जमवाजमव

कागदांपैकी सगळ्यात मोलाचा म्हणजे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला वायरिंगचा नकाशा. त्यासोबत नव्या इंजेक्टरचा डेटा हवा: कोणत्या दाबाला किती सीसी, आणि वेगवेगळ्या व्होल्टेजला डेड टाइम (वीज मिळाल्यापासून इंजेक्टर उघडेपर्यंत वाया जाणारा वेळ) किती. हा तक्ता मिळत नसेल तर ते इंजेक्टर घेऊच नका, कितीही स्वस्त असोत. पंपाचा दाब-प्रवाह आलेख घ्या. ईसीयूमधली (इंजिन चालवणाऱ्या संगणकातली) मूळ फाइल वाचून दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा. तुमच्याकडे नोंदणी, प्रदूषण तपासणी आणि विम्याचे जे नियम असतील ते कामाला हात लावण्याआधी वाचून काढा. विमा कंपनीला न कळवलेला बदल नेमका अपघातानंतर आठवतो.

हत्यारांत नेहमीचे पाने सोडून हे हवं: फ्युएल लाइनची कपलिंग सोडवायचं हत्यार, फ्युएल प्रेशर गेज, मल्टिमीटर, टायमिंग लाइट, वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (मिश्रण नेमकं किती रिच-लीन ते एक्झॉस्टमधून मोजणारा) आणि त्याचा कंट्रोलर, लॉगिंग करणारा लॅपटॉप. आणि पेट्रोलच्या आगीला चालणारं ड्राय पावडरचं अग्निशामक, गाडीखाली पडून असताना हात पोचेल इतक्या जवळ.

४. पंप, आणि त्याहून महत्त्वाची त्याची वायर

टाकी पाव भरापेक्षा कमी असताना काम काढा. इंजिन सुरू ठेवून पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन आपोआप बंद पडेल आणि लाइनमधला दाब उतरेल. मग बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा. इतकं करूनही पहिलं कपलिंग सोडताना थोडं पेट्रोल उडतंच. त्यावर फडकं धरा आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या. दारं उघडी हवीत. जवळपास गीझर किंवा हीटरची पेटती ज्योत नको.

पंपाच्या डब्यावर लिहिलेला आकडा फसवा असतो. तासाला २५५ लिटर म्हणजे कोणत्या दाबाला आणि किती व्होल्टला, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. दाब वाढला की प्रवाह घटतो, व्होल्टेज पडलं की आणखी घटतो. आलेखात तुमच्या रेलचा (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा) बूस्टमधला दाब शोधा आणि १३.५ व्होल्टची रेषा बघा. शक्य असेल तर १२ व्होल्टची रेषाही बघून ठेवा, कारण तुमच्या पंपाला प्रत्यक्षात तितकंच मिळत असण्याची शक्यता आहे.

माझे साडेतीन महिने इथेच गेले. ५,५०० आरपीएमपर्यंत मिश्रण अगदी हवं तसं, आणि त्यापुढे लॅम्डा ०.८० वरून ०.९० कडे सरकायचा. (लॅम्डा १ म्हणजे हवा-पेट्रोलचा नेमका मेळ; त्याखाली रिच, त्यावर लीन.) मी इंजेक्टर बदलले, रेग्युलेटर बदलला, फिल्टर दोनदा बदलला. ज्याच्याकडे ट्यूनिंगला गेलो होतो त्याने मॅपमध्ये (ईसीयूतल्या पेट्रोल आणि टायमिंगच्या तक्त्यात) पेट्रोल वाढवून दिलं, आकडे दोन दिवस बरे दिसले आणि गरमीच्या दिवशी परत तेच. शेवटी कंटाळून मल्टिमीटरच्या लांब वायरी टाकीपर्यंत नेल्या. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, पंपाच्या टोकाशी ११.४. अडीच व्होल्ट कंपनीच्या त्या सुतळीसारख्या वायरमध्येच जिरत होते. मूळ पंपाला ती पुरत होती, मोठ्या पंपाला नाही.

उपाय सोपा आहे. बॅटरीपासून पंपापर्यंत जाड तांब्याची स्वतंत्र वायर न्या, बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज बसवा आणि मध्ये रिले द्या. पंपाची जुनी वायर रिलेला चालू-बंदचा इशारा देण्यापुरती वापरा. अर्थची वायरही तितकीच जाड हवी. अर्ध्या लोकांच्या हे लक्षातच राहत नाही. पंप थेट चावीवर जोडायचा मोह टाळा. इंजिन बंद पडलं की ईसीयू पंप थांबवतो आणि अपघातात तेच तुम्हाला वाचवतं. आणखी एक: काही नव्या गाड्यांत ईसीयू पंपाचा वेग वेगळ्या कंट्रोलरमधून कमी-जास्त करतो. तिथे हा साधा रिले नुसता कडकड वाजत राहील. वायरिंगचा नकाशा आधी हवा तो याचसाठी.

टाकीच्या आत जी नळी पंपाला जोडता, ती बाहेरच्या वापराची चालत नाही. बाहेर इंजेक्शनच्या दाबाला एसएई जे३०आर९ ठीक, पण पेट्रोलमध्ये बुडून राहणाऱ्या नळीवर जे३०आर१० लिहिलेलं हवं. नाहीतर ती आतून फुगते, फाटते, पंप फिरत राहतो आणि पेट्रोल टाकीतल्या टाकीतच घुमत बसतं. बाहेरून काहीच दिसत नाही.

५. इंजेक्टर

माप ठरलं, आता बसतो का ते बघा. लांबी, ओ-रिंगचा व्यास आणि कनेक्टरचा प्रकार, तिन्ही जुळायला हवं. मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजा: १२ ते १६ ओहम म्हणजे हाय इम्पीडन्स, २-३ ओहम म्हणजे लो. मूळ ईसीयू हाय इम्पीडन्ससाठी बनवलेला असेल आणि तुम्ही लो इम्पीडन्सचे थेट जोडलेत तर ईसीयूतलं इंजेक्टर चालवणारं सर्किट जळतं.

ओ-रिंगांना स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट लावून सरळ दाबा, पिळू नका. ओ-रिंग जराशी जरी कापली गेली तरी रेलमधून पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकतं.

‘मोठा घेतला की पुढची काळजी मिटली’ असं ऐकाल. थोडंफार खरं आहे. पण गरजेच्या दुप्पट इंजेक्टर घेतला तर आयडलला (गाडी उभी असून इंजिन नुसतं फिरत असताना) तो इतका कमी वेळ उघडतो की त्याचा प्रवाह हिशेबाप्रमाणे येत नाही, आणि सिग्नलला गाडी गचके देत उभी राहते.

६. दाब, रेग्युलेटर, फिल्टर

इंजेक्टरमधून किती पेट्रोल येईल हे नुसत्या रेलमधल्या दाबावर अवलंबून नाही. रेलमधला दाब आणि इनटेक मॅनिफोल्डमधला दाब यांच्यातल्या फरकावर ते ठरतं. रिटर्न लाइन असलेल्या गाडीत रेग्युलेटरला मॅनिफोल्डची बारीक नळी जोडलेली असते, त्यामुळे बूस्ट जितका वाढेल तितकाच रेलचा दाब वाढतो. नळी काढून ३ बार लावला असेल तर अर्धा बार बूस्टला गेजवर ३.५ दिसायला हवा. ही नळी बूस्टमध्ये निसटली तर पेट्रोल ऐनवेळी कमी पडतं, म्हणून तिच्या दोन्ही टोकांना क्लिप लावा.

रिटर्न लाइन नसलेल्या गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो आणि त्याला बूस्टची खबर नसते. समजा रेलला कायम ३.५ बार मिळतो. अर्धा बार बूस्टला फरक उरला ३ बारचा. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे साधारण साडेसात टक्के पेट्रोल कमी, तेही सगळ्यात जास्त गरज असताना. थोड्या बूस्टला हे मोठ्या इंजेक्टरने आणि मॅपने सांभाळता येतं. पुढे वाढायचं असेल तर रिटर्न लाइन टाकून घेणं मला जास्त पटतं.

बूस्टच्या कित्येक पट दाब वाढवणारे जुन्या धाटणीचे रेग्युलेटरही मिळतात. ईसीयू ट्यून न करता काम भागवायची ती जुगाड. दाब इतका चढतो की पंप दमतो आणि इंजेक्टर उघडायलाच अडखळतो. आज ट्यूनिंग शक्य असताना त्या वाटेला जाऊ नका.

फिल्टर पंपाच्या पुढे, साधारण १० मायक्रॉनचा. पंपाच्या मागे इतका बारीक फिल्टर लावाल तर पंप उपाशी राहील; तिथे १०० मायक्रॉनची जाळी पुरे.

७. ईसीयूचे डोळे

मॅप सेन्सर म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर; ईसीयूतल्या मॅपशी या नावाचा संबंध नाही. मूळ सेन्सर बहुतेक १ बारचा असतो. वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला १०१ किलोपास्कल, अर्धा बार बूस्टला मॅनिफोल्डमध्ये १५०. सेन्सर १०५च्या आसपास थिजतो आणि ईसीयूला वाटतं बूस्ट नाहीच. २ किंवा ३ बारचा सेन्सर लावा आणि ईसीयूत त्याचं कॅलिब्रेशन बदला. सेन्सर बदलून कॅलिब्रेशन तसंच ठेवलं की गाडी धड सुरूही होत नाही. मास एअरफ्लो सेन्सरची गाडी असेल तर तो ५ व्होल्टला टेकतो का ते बघा, आणि बायपास व्हॉल्व्हची (थ्रॉटल बंद झाल्यावर जादा हवेला वाट देणाऱ्या) हवा बाहेर न सोडता पुन्हा इनटेकमध्ये आणा, कारण ती एकदा मोजली गेलेली हवा आहे.

वाइडबँड सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी बसवा, सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र होतो त्याच्या पुढे. टोक खाली झुकलेलं हवं, नाहीतर पाणी साचून सेन्सर तडकतो. कंट्रोलरला वीज न देता सेन्सर चालू गाडीच्या एक्झॉस्टमध्ये ठेवू नका, काजळीने मरतो. कंपनीचा मूळ नॅरोबँड सेन्सर ट्यूनिंगच्या कामाचा नाही. त्याला फक्त रिच की लीन एवढंच कळतं, किती ते नाही.

आकडे लॅम्डात वाचायची सवय लावा. बहुतेक गेज लॅम्डाला १४.७ ने गुणून एएफआर (हवा-इंधन प्रमाण) दाखवतात, टाकीत कोणतंही मिश्रण असो. पूर्ण बूस्टला लॅम्डा ०.७८ ते ०.८२ हे पेट्रोलचं सुरक्षित घर.

प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) घ्या. एनजीकेमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड, बॉशमध्ये नेमकं उलट. गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवा. मोठी गॅप बूस्टच्या दाबात ठिणगी विझवते.

८. सुपरचार्जर खोक्यातच राहू द्या

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे. पंप, वायर, इंजेक्टर, मॅप सेन्सर आणि वाइडबँड आधी बिनबूस्टच्या इंजिनावर बसवा, आणि गाडी आठवडाभर तशीच चालवा. नवी प्रत्येक वस्तू अशा वेळी तपासली जाते जेव्हा चुकीची शिक्षा फक्त खराब आयडल असते. मी सगळं एकदम बसवलं होतं, त्यामुळे बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायला आठ जागा होत्या.

पहिल्यांदा चावी फिरवताना इंजिन सुरू करू नका. फक्त इग्निशन ऑन करा, पंप दोन-तीन सेकंद वाजून थांबेल. असं चार-पाच वेळा करा आणि प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून बघा. डोळ्यांना न दिसणारी गळती कागदावर दिसते. रेल, फिल्टर, टाकीचं झाकण, सगळं कोरडं असेल तरच स्टार्टर.

ईसीयूत फक्त इंजेक्टरचा प्रवाह, डेड टाइम आणि मॅप सेन्सरचं कॅलिब्रेशन बदला, बाकी मॅपला हात नको. इंजिन गरम झाल्यावर फ्युएल ट्रिम (ईसीयू स्वतःहून करत असलेली पेट्रोलची दुरुस्ती) बघा. शॉर्ट आणि लाँग मिळून पाच टक्क्यांच्या आत असेल तर पंप ते इंजेक्टर सगळं जागेवर आहे. आयडलला चूक जास्त आणि क्रूझला कमी असेल तर डेड टाइम चुकला आहे. मग हेडलाइट, पंखा, मागची काच गरम करणारी जाळी एकदम लावा. व्होल्टेज पडल्यावर मिश्रण हललं तर डेड टाइमचा व्होल्टेजचा तक्ता दुरुस्त करायला हवा.

९. आता हवा

सुपरचार्जर बसवा, पण सगळ्यात कमी बूस्टच्या पुलीने सुरुवात करा. रूट्स आणि ट्विन-स्क्रू प्रकार खालच्या आरपीएमपासूनच बूस्ट देतात, सेंट्रिफ्युगल मात्र आरपीएमबरोबर चढत जातो. सेंट्रिफ्युगलमध्ये सगळ्यात जास्त पेट्रोलची वेळ आणि रेडलाइन एकदम येते, म्हणून तिथे शेवटच्या हजार आरपीएमची भीती बाळगा.

रस्त्यावर हे करू नका. डायनो (गाडी जागच्या जागी पळवून ताकद मोजणारं यंत्र) किंवा बंद ट्रॅक हवा, समोर मोठा पंखा आणि शेजारी लॅपटॉप बघणारा दुसरा माणूस.

इंजिन अजून पोचलं नाही अशा मॅपच्या खान्यांत आधीच पेट्रोल जरा जास्त आणि टायमिंग कमी भरून ठेवा. पहिली धाव ३,५०० आरपीएमपर्यंत. थांबा, लॉग उघडा, दुरुस्त करा, मग ४,०००. दुरुस्तीचं सूत्र सोपं: मोजलेला लॅम्डा भागिले हवा असलेला लॅम्डा. मोजला ०.८६, हवा ०.८०, म्हणजे १.०७५, त्या खान्यातलं पेट्रोल साडेसात टक्के वाढवा. धूर इंजिनातून सेन्सरपर्यंत पोचायला क्षणभर लागतो, तेव्हा नेमका कोणता खाना दुरुस्त करताय ते नीट बघा.

इंजेक्टरचा ड्यूटी सायकल (एका चक्रात तो किती टक्के वेळ उघडा असतो) स्वतः पडताळता येतो. चार-स्ट्रोक इंजिनाचं एक पूर्ण चक्र म्हणजे १,२०,००० भागिले आरपीएम इतके मिलिसेकंद. ६,००० ला २० मिलिसेकंद. पल्स (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) १६ दिसली म्हणजे ८० टक्के झाले, थांबा.

लॉगमध्ये काही चित्रं पुन्हा पुन्हा दिसतात. लीन आणि त्याच वेळी रेलचा दाब पडतोय: पंप, वायर किंवा फिल्टर. दाब ठीक पण ड्यूटी ९० च्या पुढे: इंजेक्टर लहान. दोन्ही ठीक, पण मॅप सेन्सरची रेषा वर जाऊन सपाट: सेन्सर थिजला. आयडलला लीन आणि जोरात बरोबर: बहुधा एक्झॉस्टच्या गॅस्केटमधून बाहेरची हवा आत येतेय, मॅपला हात लावू नका. वरच्या आरपीएमला बूस्टच घसरतोय: पट्टा सरकतोय.

सगळ्यात फसवं चित्र मिसफायरचं. ठिणगी विझली की न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत जातो आणि गेज लीन दाखवतं. तुम्ही पेट्रोल वाढवता, ठिणगी आणखी विझते, गेज आणखी लीन. गचके बसत असतील आणि आकडा उड्या मारत असेल तर आधी प्लगची गॅप मोजा.

१०. टायमिंग

पेट्रोल पूर्ण बसेपर्यंत टायमिंगला हात लावायचा नाही. त्याआधी टायमिंग लाइटने खात्री करा की ईसीयू जितके अंश सांगतो तितकेच क्रँकवर दिसतात. हे टाळणारा माणूस दहा अंशांच्या चुकीवर महिना घालवू शकतो.

सुरुवातीला बिनबूस्टच्या मॅपमधून दर पीएसआयमागे एक अंश कमी करा. अर्धा बार म्हणजे सात पीएसआय, म्हणून सात अंश. हा फक्त सुरुवातीचा अंदाज आहे. तिथून एकेक अंश वाढवत डायनोवर टॉर्क बघा. पंपावरच्या पेट्रोलवर बूस्टमध्ये बहुतेक वेळा टॉर्क सपाट होण्याआधीच ठोका येतो. आला की दोन अंश मागे या आणि तिथेच राहा. कानावर विसंबू नका, सुपरचार्जरच्या शिट्टीत ठोका ऐकू येत नाही. नॉक सेन्सरचा लॉग बघा, प्लग काढून भिंगाखाली धरा. पोर्सेलिनवर चमकणारे बारीक ठिपके दिसले तर ते ॲल्युमिनियम आहे, म्हणजे पिस्टनचंच.

इनटेक हवा ५० अंश सेल्सियसच्या वर गेली की टायमिंग आपोआप मागे घेणारा तक्ता भरा. लागोपाठ तीन धावा घेऊन बघा, तिसऱ्या धावेचा आकडाच खरा.

मग राखणदार लावा: ठरलेल्या बूस्टच्या थोडं वर इंधन तोडणारी मर्यादा, बूस्टमध्ये लॅम्डा ०.९०च्या वर गेला तर इंजिन आवरणारी मर्यादा, आणि शक्य असेल तर रेलचा दाब पडल्यावर तोडणारी तिसरी. ट्रॅकवर वळणं घेणार असाल तर टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका; पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो.

११. पहिले काही दिवस

ट्यूनिंगच्या दिवसांत रिच मिश्रणाचं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. काम संपल्यावर ऑइल बदला, त्याआधी डिपस्टिकचा वास घेऊन बघा. काहीशे किलोमीटरनंतर पट्ट्याचा ताण, रेलचे बोल्ट, सगळ्या क्लिप पुन्हा तपासा. मॅपच्या प्रत्येक फाइलला तारीख आणि काय बदललं ते नावातच लिहा. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘एकदम फायनल’ अशा नावांतून नंतर काहीच कळत नाही.

थंड स्टार्टचं पेट्रोल मात्र डायनोवर बसत नाही. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं, म्हणजे दिवसातून एकच संधी. सकाळी लॅपटॉप मांडीवर घेऊन चावी फिरवायची, पहिल्या दहा सेकंदांत काय झालं ते टिपायचं, एकच आकडा बदलायचा आणि उद्याची वाट बघायची. मला अकरा सकाळ लागल्या.